बोलायचा खडू

नलिनीनं कोरा खडू मधोमध मोडला. मोठा तुकडा कमलच्या हातात दिला, लहान स्वतःच्या मुठीत ठेवला. मोठा तो लिहायचा, लहान तो बोलायचा. आजवर हे इतक्या वेळा झालं होतं की डोळे मिटूनही जमलं असतं. पण आज खडू मोडताना तिचा हात थरथरला आणि चुरा साडीवर सांडला. त्या साडीला सकाळी नवऱ्यानं, दत्तारामनं, स्वतः इस्त्री फिरवली होती. "आज तुला बघायला येणारेत की काय?" असंही वर विचारलं होतं.

"ताई, हात कापतोय तुमचा," कमल हळूच म्हणाली.

"कापू दे. तोंड चालतंय ना, बस झालं."

खरं तर तोंड चालवणं हेच आज तिला करायचं नव्हतं, ही गंमत वेगळी.

मरोळच्या त्या कारखान्यात खोकल्याचं औषध तयार होई. बाटल्या भरायच्या, लेबलं लावायची, खोक्यांत घालायच्या, हे काम पॅकिंगच्या बायकांचं, आणि नलिनी परब त्यांची सुपरवायझर. त्या सुमारास मुंबईतल्या कारखान्यांत क्वालिटी सर्कलचं वारं शिरलं होतं. जपानात म्हणे कामगार आठवड्यातून एक तास गोल करून बसतात आणि आपल्या कामातल्या अडचणी आपणच शोधून काढतात. मग अंधेरीतल्या कामगारांनी काय घोडं मारलंय? मॅनेजमेंटनं जुनी स्टोअररूम रिकामी करून दिली, खुर्च्या दिल्या, फळा दिला, बुधवारचा एक तास दिला आणि चहाबरोबर बिस्किटं दिली. बिस्किटांवर बायका खूश होत्या. बोलायला मात्र कुणी तयार नव्हतं.

सर्कलमध्ये प्रत्येकीचं काम ठरलेलं होतं. रत्नप्रभा लीडर, ती बायकांनी हात वर करून निवडलेली. कमलचं अक्षर बरं, म्हणून फळा तिच्याकडे. बाकीच्या सभासद. आणि नलिनीचं काम सगळ्यांत विचित्र. तिनं उत्तर द्यायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, खडू तिच्यापर्यंत आला तरी न बोलता पुढे द्यायचा, आणि एवढं करून बैठक रंगली नाही तर दोष मात्र तिचा. ह्याला फॅसिलिटेटर म्हणत. तो शब्द उच्चारण्यापेक्षा 'ताई' सोपं, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नलिनी अजून शिकाऊ होती. आज ती पुरती फॅसिलिटेटर होणार, की सर्कल दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन तिला परत बाटल्यांच्या पट्ट्याजवळ उभं करणार, ते ठरायचं होतं.

ठरवणारे दळवीसाहेब दाराशी खुर्ची टाकून बसले होते. चंद्रप्रकाश दळवी हेड ऑफिसातून येत, नेहमी गोलाच्या बाहेर बसत, आणि बैठक संपेपर्यंत एक अक्षर बोलत नसत. खूश झाले की त्यांचा उजवा पाय हलायला लागे. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "परबबाई, ह्या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस नियम सांभाळतो. दुसरीवरचा माणसं सांभाळतो. तिसरीवरचा मधेच खोलीतून उठून गेला, तर कुणाच्या ध्यानातही येत नाही."

नलिनीला ती तिसरी पायरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती, आणि ते ती कुणापासून लपवतही नव्हती. सगळी नोकरी 'चला, हात उचला' म्हणण्यात गेली होती. 'तुला काय वाटतं?' असं दुसऱ्याला विचारण्याचा पगार मिळू शकतो, हे तिला ह्या वर्षी पहिल्यांदा कळलं होतं, आणि तेव्हापासून बुधवार आला की तिला सकाळी चहासुद्धा नीट जात नसे.

सुरुवातीचे बुधवार मात्र रडवणारे होते. पाळीपाळीनं प्रत्येकीनं एक कारण सांगायचं, सुचलं नाही तर 'पास' म्हणायचं, असा नियम. मग काय, रत्नप्रभा म्हणे पास, सोनूबाई म्हणे पास, जानकी म्हणे पास, आणि बिस्किटं संपली की बैठक संपे. संक्रांतीनंतर कॅन्टीनमध्ये हळदीकुंकू झालं तेव्हा नलिनीनं ह्याच बायकांना उखाणे घेताना पाहिलं. एकीचा संपतोय तोवर दुसरीचा तयार. लाजणं नाही, अडणं नाही. हातात तिळगूळ घेऊन नलिनी तिथंच उभी राहिली, आणि तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. पुढच्या बुधवारी तिनं सांगितलं, "कारण नुसतं नाही सांगायचं. नाव घेऊन सांगायचं."

वेडेपणाच होता, पण चालला. असा चालला की बाजूच्या बाटली धुण्याच्या विभागातले पुरुष दाराशी येऊन कान लावू लागले.

"सुरू करू या?" नलिनीनं विचारलं.

"करू या की," रत्नप्रभा म्हणाली, आणि लीडरच्या रुबाबात उठून विषय वाचून दाखवला. "आपला प्रॉब्लेम, लेबलं वाकडी का बसतात. आज कारणं सांगायची. उपाय मागाहून. ज्या बाईच्या हातात खडू, तीच बोलणार. बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. सोनूबाई, तुम्हाला सांगतेय."

"मी कायला बोलतंय मधे?" सोनूबाई मधेच बोलली.

सगळ्या हसल्या. नलिनीनं खडू रत्नप्रभाच्या तळहातावर ठेवला. रत्नप्रभानं एकदा दळवीसाहेबांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि घसा खाकरला.

"पट्टा धावतो झरझर, हात माझे दोन,
सहदेवरावांचं नाव घेते, जेवणानंतर जागं राहतं कोण?"

टाळ्या पडल्या. कमलनं फळ्यावर लिहिलं : जेवणानंतर झोप. दाराशी दळवीसाहेबांच्या ओठांची कड जराशी हलली. खडू सोनूबाईकडे गेला. सोनूबाई वेसाव्याची, पहाटे घरची मासळी निवडून मग कामावर येणारी, आवाज असा की समोरच्या होडीला ऐकू जावा.

"वेसाव्याच्या बंदरात नाखवाची होडी,
लहूरावांचं नाव घेते, बाटली येते ओली थोडी."

"ओली बाटली," नलिनी कमलकडे बघून म्हणाली. तेवढं म्हणायची तिला परवानगी होती.

मग जानकी. जानकीचं सासर-माहेर दोन्ही कणकवलीकडचं, आणि मुंबईत इतकी वर्षं काढूनही तिची भाषा कशेडीच्या ह्या बाजूला उतरलीच नव्हती.

"एश्टीच्या गाडीला कशेडीचो घाट,
काशीरामरावांचा नाव घेतंय, लेबलाचो गोंद भारी दाट."

जानकीनं हात लांब करून खडू पार्वतीला दिला. पार्वतीचा नवरा नंदू गोरेगावच्या एका स्टुडिओत सेटला रंग द्यायचा, त्यामुळे तिच्या उखाण्यात सिनेमा यायचाच.

"गोरेगावच्या स्टुडिओत खोट्या पावसाच्या धारा,
नंदूरावांचं नाव घेते, लेबलांना लागतो पंख्याचा वारा."

"वा," रत्नप्रभा म्हणाली, "वारा खरा, पाऊस खोटा."

शेवटी कमल. कमलचं लग्न झालेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती रुसली होती, 'माझं काय? मी कुणाचं नाव घेऊ?' त्यावर पाच तोंडांतून पन्नास सूचना आल्या होत्या, आणि अखेर सोनूबाईनं तोड काढली होती, 'कुत्र्याचा घे.' तेव्हापासून कमल आपल्या मोत्याचं नाव घेई. आताही तिनं फळ्याला पाठ करून, हनुवटी वर करून म्हटलं,

"चोरबाजारातून आणली पितळी साखळी,
मोत्याचं नाव घेते, लेबलांची चळत येते सुटी नि मोकळी."

हसून हसून जानकीच्या डोळ्यांत पाणी आलं. नलिनीनं दाराकडे चोरून पाहिलं. दळवीसाहेबांचा उजवा पाय हलत होता. बारीक नव्हे, चांगला हलत होता. तिला वाटलं आपणही एक उखाणा घ्यावा. पण तिनं ओठ दाबले, हात मांडीखाली घातले आणि मान हलवून दुसरी फेरी सुरू केली.

दुसरी फेरी पहिलीपेक्षा तेज निघाली. रत्नप्रभा एका दमात म्हणून मोकळी झाली, सोनूबाईनं गोंद लावायच्या ब्रशाला खेकड्याच्या मिश्या म्हटलं, आणि खोलीत कुणी खुर्चीच्या पाठीला टेकून बसलेलं उरलं नाही. सगळ्या पुढे झुकलेल्या.

एक सोडून.

जानकी आणि पार्वतीच्या मधे मालन बसली होती. जानकीचा उखाणा संपला, तिचा हात पार्वतीकडे निघाला, आणि त्या हाताला वाट मिळावी म्हणून मालन खुर्चीत थोडी मागे सरकली. सवयीनं सरकली. खडू तिच्या मांडीवरून गेला, जाताना एप्रनला घासला आणि निळ्या कापडावर एक पांढरी रेघ उमटली. तिथं आधीची एक रेघ होतीच. तिच्याखाली पुसट, धुऊनही न गेलेल्या आणखी काही होत्या.

नलिनी त्या रेघांकडे बघत राहिली.

मालन टाळ्या वाजवत होती. पार्वतीच्या उखाण्याला मनापासून हसतही होती. ती कधी गैरहजर राहिली नव्हती, कधी कुरकुरली नव्हती. ती भिकाजीची बायको. भिकाजी ह्याच कारखान्याच्या टेम्पोवर होता. काविळीनं गेला तेव्हा पॅकिंगच्या बायका तिला भेटायला घाटकोपरला गेल्या होत्या, आणि पुढे तिला इथं काम मिळालं. हळदीकुंकवाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्या उखाणे घेत होत्या तेव्हा मालन मोरीवर उभी राहून कप विसळत होती. विधवा बाईला कोण सांगणार नाव घे म्हणून? नलिनीनं तिथून उखाणे उचलून ह्या खोलीत आणले, आणि त्यांच्यामागून ती मोरीसुद्धा आली. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी जानकीनं तिला अवघडू नये म्हणूनच हात लांब केला असणार. मालननं जानकीला अवघडू नये म्हणून अंग चोरलं असणार. आणि नलिनीनं? नलिनीनं ते पाहिलं होतं. पाहून तिला हायसं वाटलं होतं, बरं झालं, परस्पर मिटलं. जिला नवरा अजून मिळायचा होता तिच्यासाठी पाच तोंडांतून सूचना आल्या, आणि जिचा होता आणि गेला, तिच्यासाठी एकीच्याही तोंडातून नाही. नलिनीच्या स्वतःच्याही नाही.

तिला लाज वाटली.

कमलचा मोत्या पुन्हा एकदा फळ्यावर येऊन गेला आणि टाळ्यांत खडू परत नलिनीच्या हातात आला. दाराशी पाय हलतच होता. आता काय करायचं? मालनला म्हणावं, घे नाव? ह्या सगळ्यांसमोर, साहेबांसमोर? ती नाही म्हणाली तर बिचारीला तोंड लपवायला जागा राहणार नाही. आणि काहीच करू नये तर? तर आणखी एक फेरी होईल, फळा भरेल, साहेब उठून हात जोडतील, संध्याकाळी दत्ताराम पेढे आणील, आणि मालनच्या एप्रनवर आणखी एक रेघ येईल. नलिनीला पेढे फार हवे होते. तिनं खडू ह्या हातातून त्या हातात घेतला.

"ही फेरी जरा वेगळी करू या," ती म्हणाली. "ह्या फेरीत नाव घ्यायचं नाही. नुसतं कारण सांगायचं. साधं."

"साधं?" रत्नप्रभानं विचारलं.

"साधं."

दळवीसाहेबांचा पाय थांबला.

खोलीतली हवाच कुणी काढून घेतली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. रत्नप्रभानं खडू घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि जुन्या बुधवारांसारखी म्हणाली, "पास."

सोनूबाईनं नाक मुरडलं. "मना त काय नाय सुचत असा. पास."

खडू जानकीकडे आला. जानकी रागावली होती आणि ते लपवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. "रंगात इलेलो खेळ कित्याक मोडलात ओ ताई? कोणाक काय त्रास होत होतो? पास."

आणि तिचा हात पार्वतीकडे निघाला. मालन मागे सरकली.

"जानकी," नलिनी म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "खडू मालनकडे दे. तिची पाळी आहे."

जानकीचा हात मालनच्या मांडीच्या वर, हवेत तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं काय आणावं ते तिला समजेना. सोनूबाई जमिनीकडे बघू लागली. दळवीसाहेब खुर्चीत ताठ झाले. बैठक बुडायला लागली की शिकवणारा माणूस असा ताठ होतो, आणि तो काहीतरी बोलून सावरून घेणार हे नलिनीला कळलं. तिनं त्यांच्याकडे न बघता डावा हात किंचित वर केला. थांबा, ह्या अर्थानं. हेड ऑफिसच्या माणसाला आपण हातानं थांबवलं, हे तिच्या लक्षात मागाहून आलं.

जानकीनं खडू मालनच्या हातात ठेवला.

तेवढ्यात विमान आलं. मरोळच्या ह्या पट्ट्यात दिवसभर विमानं डोक्यावरून सांताक्रूझला उतरत किंवा तिथून उडत, आणि इथल्या लोकांना एक सवय होती. विमान आलं की बोलणारा बोलता बोलता थांबे, आवाज जाऊ देई, आणि सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करी. आता बोलणारं कुणी नव्हतं, तरी सगळ्या थांबल्या. खिडकीची तावदानं थरथरली. विमानाची सावली पत्र्यांवरून गेली, विमान गेलं, आणि मागाहून त्याचा आवाज कितीतरी वेळ जात राहिला. मालन खिडकीकडे बघत होती. खडू तिच्या उघड्या तळहातावर होता.

आवाज गेला. मालननं खडू मुठीत घेतला.

"ताई," ती म्हणाली, "मी नाव घेऊन सांगितलं तर चालेल?"

नलिनीनं मान हलवली, आणि एकदा हलवून भागणार नाही म्हणून पुन्हा हलवली.

मालन उभी राहिली. उखाणा घ्यायला कुणी उभं राहत नसे, पण ती राहिली. एप्रन खाली ओढून सारखा केला.

"विमान गेलं पुढे, आवाज राहिला मागे,
भिकाजीरावांचं नाव घेते, गोंद सुकायला वेळ लागे."

आणि बसली.

कारण काही जगावेगळं नव्हतं. गोंद दाट असला, बाटली ओली असली, तर तो सुकायला वेळ लागणारच. फळ्यावर ते अर्धंअधिक आलेलंच होतं. पण कमलचा हात फळ्यावर टेकलेला राहिला, तिला अक्षर काढता येईना.

"लिही," नलिनी म्हणाली. "गोंद सुकायला वेळ." आता तिचं तोंडही कापत होतं.

"टाल्या कोन वाजवील गो?" सोनूबाईनं दरडावलं. "हात काय बांधून ठेवलेत?"

मग टाळ्या पडल्या. आधी सोनूबाईच्या, मग सगळ्यांच्या, आणि त्या थांबेनात. जानकीनं एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं होतं. "कितक्या वर्सांनी नाव आयकलंय गो तेचा," ती म्हणाली. "टेम्पोतून पान खाऊन हाक मारी, ओ कणकवली, म्हणान."

"तुला कणकवली म्हणायचा?" मालन म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

"माका कणकवली आणि हिका," जानकीनं रत्नप्रभाकडे बोट दाखवलं, "पोलीस."

मालन हसली. तोंडावर हात न धरता हसली. मग तिनं हातातला खडू पार्वतीपुढे धरला, आणि पार्वती आधीच खुर्चीच्या कडेवर आली होती.

"मी आता नुसतं साधंबिधं सांगणार नाही हां, ताई," पार्वती म्हणाली.

"तुमची बैठक आहे," नलिनी म्हणाली. "तुम्ही ठरवा."

त्यांनी ठरवलं. पार्वतीचा उखाणा झाला, कमलचा झाला, आणि खडू नलिनीकडे परत न येता परस्पर रत्नप्रभाकडे गेला. रत्नप्रभानं आपलं पास मागे घेतलं. सोनूबाईनं तर नियम धाब्यावर बसवून लागोपाठ दोन घेतले. फळा भरला तेव्हा कमल कडेला उभ्या ओळींत लिहायला लागली. 'ओली बाटली' आणि 'गोंद दाट' ह्यांच्यामधे बाण काढावा की नाही, ह्यावरून रत्नप्रभा आणि पार्वतीची जुंपली, आणि मालन फळ्याकडे बोट करून म्हणाली, "आधी बाण काढ, मग भांडा."

दाराशी दळवीसाहेब उठले होते. त्यांनी नलिनीला बोटानं खूण केली. ती उठली, त्यांच्यामागून बाहेरच्या बोळात आली आणि दार ओढून घेतलं. खेळ मोडला, मधे तोंड घातलं, साहेबांना हात दाखवला. आज एकही नियम शाबूत ठेवला नव्हता. म्हणजे पहिलीच पायरी गेली. जाऊ दे गेली तर, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते काही तिला पटलं नाही.

"परबबाई, फेरी चांगली रंगली होती," दळवीसाहेब म्हणाले. "मधेच का मोडलीत?"

"एक बाई सुटत होती, साहेब. मीच सोडत होते. गेला महिनाभर."

दळवीसाहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर चढवायचा विसरून हातातच धरला.

"मला दिसलं नाही ते," ते म्हणाले. "मी समोर बसलो होतो. मला वाटलं, त्या बाई नुसत्या ऐकायला बसल्यात."

"मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं."

आतून मोठा हशा आला. दोघंही तो संपेपर्यंत थांबली, विमानासाठी थांबावं तशी.

"गोरेगावला माझं एक सर्कल आहे," दळवीसाहेब म्हणाले. "मशीनवरची माणसं. सुरुवातीपासून मीच घेतो. सगळे बोलतात, असं मी वर सांगत आलोय." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "सोमवारी याल?"

"शिकायला?"

"नाही हो. शिकणं झालं तुमचं. दाराशी बसायला. मी आत असेन." त्यांनी चष्मा चढवला. "तिथं कोण मागे सरकतंय, ते मला सांगा."

नलिनीला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिला त्या बोळातून पळत सुटावंसं वाटलं, पट्ट्याजवळून, बाटल्यांमधून, गेटवरच्या वॉचमनला सांगत, थेट घरापर्यंत. ती "येईन" एवढंच म्हणाली, आणि तेही फार हळू म्हणाली असावी, कारण दळवीसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"येईन, साहेब. नक्की येईन."

ते जिन्याकडे गेले. नलिनी दाराकडे वळली. कडीला हात घातला आणि आत जाणार, तेवढ्यात जानकीचा आवाज आला.

"धर गो मालन. तुझी पाळी."

मग काहीच ऐकू आलं नाही. फार झालं की काय तिला? आत जावं, सावरून घ्यावं, काहीतरी बोलावं. तिच्या बोटांनी कडी घट्ट धरली.

"पास," मालन म्हणाली.

"पास काय पास?" सोनूबाई ओरडली. "आताशी कुठं तोंड उघडलंस."

"सुचत नाही तर काय करू? पास म्हणजे पास," मालन म्हणाली, आणि रत्नप्रभानं तिची बाजू घेतली, नियम आहे म्हणून, आणि जानकी हसत सुटली, आणि खडू पुढे गेला असावा, कारण पार्वतीनं घसा खाकरला.

नलिनीनं कडीवरचा हात काढून घेतला. ती बोळातल्या भिंतीला टेकली, साडीवरचा खडूचा चुरा झटकला आणि ऐकत उभी राहिली.